बंद छिद्रे, मुरूम आणि एक्स्ट्रॅक्शन : काय काढावे, कसे काढावे आणि कशाला हात लावू नये

तुळस (गंगापूर रोड)

नमस्कार. मी त्वचारोगतज्ज्ञांच्या एका दवाखान्यात काम करते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली चेहऱ्यावरचे ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड काढण्याचे, म्हणजे एक्स्ट्रॅक्शनचे काम माझ्याकडे असते. लग्नसराई तोंडावर आली की आपल्या नाशिकमध्ये क्लीनअपची मागणी वाढते, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत गालांवर तपकिरी डाग किंवा कपाळावर नव्याने उठलेल्या लाल गाठी घेऊन मुली आमच्याकडे येऊ लागतात. त्यांच्या जुन्या फोटोंत पाहिले तर अनेकींच्या चेहऱ्यावर पूर्वी फक्त न दुखणारे बारीक दाणे होते. जे नुकसान सहज टाळता आले असते ते पाहताना मनापासून वाईट वाटते, म्हणून हा धागा काढला आहे.

एक्स्ट्रॅक्शनला माझा मुळीच विरोध नाही. योग्य जागी, निर्जंतुक साधनाने आणि घाई न करता केलेल्या एक्स्ट्रॅक्शनने कपाळ आणि हनुवटी एका बैठकीत स्वच्छ दिसू लागते, आणि औषधाला दाद न देणारे जुने दाणेही निघून जातात. मात्र हे काम फक्त कॉमेडोनवर, म्हणजे दाह नसलेल्या ब्लॅकहेड-व्हाइटहेडवर करायचे असते. लाल झालेल्या, दुखणाऱ्या किंवा खोल गाठ असलेल्या मुरमावर ते करायचे नसते. या कामातले खरे कौशल्य हातातल्या दाबापेक्षा त्या आधीच्या नजरेत आहे.

कॉमेडोन तयार कसा होतो ते आधी सांगते. केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतून तेल त्वचेवर येत असते. त्या नळीच्या आतल्या मृत पेशी नेहमीप्रमाणे गळून बाहेर न पडता एकमेकींना चिकटून राहिल्या, की तेल आणि केराटिन (त्वचेच्या पेशींतले प्रथिन) यांचा बोळा तयार होतो. छिद्राचे तोंड उघडे असेल तर बोळ्याचा वरचा भाग हवेच्या संपर्काने आणि त्यातील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे काळा दिसतो, त्याला आपण ब्लॅकहेड म्हणतो. तो काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे कितीही घासले तरी जात नाही. तोंड जवळजवळ बंद असेल तर त्वचेच्याच रंगाचा लहान उंचवटा दिसतो, तो व्हाइटहेड. याच बंद नळीत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढले आणि शरीराने त्यावर दाह सुरू केला, की लाल मुरूम, पू भरलेली पुटकुळी आणि पुढे गाठ अशी मजल जाते. एक्स्ट्रॅक्शनचा उपयोग दाह सुरू होण्यापूर्वीच्या टप्प्यावर आहे.

उघड्या तोंडाचा ब्लॅकहेड काढणे तुलनेने सोपे असते. चेहरा धुऊन, कोमट पाण्याची ओली पट्टी काही मिनिटे ठेवून वरचा थर मऊ करायचा, भिंगाच्या दिव्याखाली छिद्राची दिशा पाहायची आणि कॉमेडोन एक्स्ट्रॅक्टरचे कडे असे ठेवायचे की छिद्र बरोबर मध्यभागी येईल. मग सरळ खाली, सर्व बाजूंनी सारखा आणि हलका दाब द्यायचा. बोटांनी काढायचे असेल तर हातमोजे घालून, बोटांवर निर्जंतुक गॉज गुंडाळून, छिद्राच्या कडेपासून थोडे दूर धरून आधी खाली आणि मग आत असा दाब द्यावा लागतो. नखे कधीही वापरायची नाहीत. दोन-तीन हलक्या प्रयत्नांत बोळा आला नाही तर तो त्या दिवशी सोडून द्यायचा. सर्वांत जास्त डाग हे सोडून देणे न जमल्यामुळे पडतात, असे माझे ठाम मत आहे.

बंद तोंडाच्या व्हाइटहेडचे काम निराळे आहे. त्याला बाहेर यायला वाटच नसते, त्यामुळे आधी निर्जंतुक बारीक सुईने, सुई त्वचेला जवळपास समांतर धरून, उंचवट्याच्या टोकाचा अगदी वरचा पापुद्रा उचलावा लागतो. रक्त येण्याइतके खोल जायचे नसते. वाट झाली की थोड्याशा दाबाने पांढरट दाणा बाहेर येतो. ही वाट न करता नुसते दाबत राहिले तर, तोंड बांधलेली भरलेली पिशवी दाबल्यावर शिवणीतून फुटावी तशी, ती नळी आतल्या बाजूला फुटते. त्यातील केराटिन आणि तेल त्वचेच्या खोल थरात सांडते, शरीर त्याला परका पदार्थ समजून तीव्र दाह सुरू करते, आणि एक-दोन दिवसांत साध्या दाण्याच्या जागी दुखणारी लाल गाठ उभी राहते. 'क्लीनअप केले आणि मुरूम वाढले' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच घडलेले असते.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा.

पंचवटी_आई

तुळसताई, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर तुम्ही म्हणता तसे बंद दाणे पुष्कळ आहेत, आणि नाकावर काळे ठिपके आहेत ते दर महिन्याला पुन्हा येतात. त्वचारोगतज्ज्ञांनी अडापॅलीन जेल रात्री लावायला दिले असून काही आठवड्यांनी एक्स्ट्रॅक्शन करू असे सांगितले आहे. मुलीला मात्र ते लगेच व्हावे असे वाटते, कारण घरात तिच्या मावसबहिणीचे लग्न आहे. आधी औषध आणि नंतर एक्स्ट्रॅक्शन, हा क्रम का असतो?

तुळस (गंगापूर रोड)

ताई, डॉक्टरांनी दिलेला क्रम अगदी योग्य आहे. अडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड गटातील औषधे नळीच्या आतल्या पेशींचे चिकटून राहणे कमी करतात. काही आठवडे ती लावली की बोळे सैल होतात आणि तेच दाणे कमी दाबात निघतात. शिवाय आज जे दाणे डोळ्यांना दिसतात त्यांच्या शेजारी न दिसणारे अतिसूक्ष्म कॉमेडोन तयार होत असतातच. एक्स्ट्रॅक्शनने फक्त दिसणारे निघतात, पुढचे थांबवण्याचे काम औषधच करते. म्हणून औषधाचा पूर्ण परिणाम पाहायला दोन ते तीन महिने द्यावे लागतात. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, थोडी सोलवटते, आणि काहींना पहिल्या आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. त्या वेळी औषध बंद करून टाकण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड लावणे आणि साधे मॉइश्चरायझर वापरणे बरे. संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे जेल पुरते. फक्त दाण्यावर ठिपका लावून उपयोग होत नाही.

नाकावरच्या ठिपक्यांबद्दल मात्र वेगळे सांगायचे आहे. वर्णनावरून ते बहुधा ब्लॅकहेड नसावेत. नाकाच्या छिद्रांत तेलाचे बारीक करडे धागे प्रत्येकाच्याच त्वचेत असतात आणि त्यांचे काम तेल वर आणण्याचे असते. ते दाबले की शेवयांसारखे बाहेर येतात, पण काही आठवड्यांत पुन्हा भरतात, कारण तो आजार नाही. नाकावरच्या चिकटपट्ट्या आणि घरगुती सक्शन यंत्रे मुख्यतः हेच धागे ओढून काढतात, आणि सक्शनचा जोर जास्त झाला तर त्वचेखाली रक्त साकळते किंवा बारीक रक्तवाहिन्या कायमच्या दिसू लागतात. तेलात विरघळणारे 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिड हे धागे कमी ठळक दिसण्यासाठी पुरेसे असते. मात्र अडापॅलीन सुरू असताना ते डॉक्टरांना विचारूनच जोडावे, नाहीतर त्वचा भाजल्यासारखी होते.

नाशिकरोड_पार्लर

मी नाशिक रोडला गेली अनेक वर्षे पार्लर चालवते आणि माझे काम मी प्रामाणिकपणे करते, म्हणून थोडे स्पष्ट विचारते. आम्ही वाफ देतो, मग कड्याच्या साधनाने ब्लॅकहेड काढतो, आणि नंतर साधन स्पिरिटने पुसून यूव्ही (अतिनील किरणांच्या) कपाटात ठेवतो. वाफेने छिद्रे उघडतात असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. यात नेमके काय चुकते आणि काय बरोबर आहे, हे कोणी नीट सांगेल का? माझ्याकडे येणाऱ्या मुली माझ्यावर विश्वास ठेवून येतात, त्यामुळे मला हे समजून घ्यायचे आहे.

त्वचावैद्य

मी नाशिकमध्येच त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. ताई, तुम्ही हा प्रश्न उघडपणे विचारलात याचा मला खरोखर आदर वाटतो.

प्रथम वाफेविषयी. छिद्रांना स्नायू नसतात, त्यामुळे ती उघडत किंवा मिटत नाहीत. वाफेने वरचा शिंगट थर ओलसर होतो आणि बोळ्यातील तेल काहीसे मऊ होते, एवढाच तिचा उपयोग. तो कोमट ओल्या पट्टीनेही साधतो. जास्त वेळ किंवा जवळून दिलेली वाफ लालसरपणा आणि दाह वाढवते, आणि ज्यांना वांग किंवा रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा आजार) आहे त्यांचा त्रास उष्णतेने बळावतो. म्हणून वाफ द्यायचीच असेल तर थोडा वेळ आणि अंतर ठेवून द्यावी, आणि लाल मुरूम असलेल्या चेहऱ्याला देऊ नये.

साधनांविषयी मात्र मी ठाम आहे. स्पिरिटने पुसणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. यूव्ही कपाटातील किरण फक्त समोरच्या पृष्ठभागावर पडतात, कड्याच्या आतल्या बाजूला आणि सांध्यांत पोहोचत नाहीत. त्यामुळे ते कपाट फार तर आधीच निर्जंतुक केलेली साधने ठेवण्यासाठी वापरावे. एक्स्ट्रॅक्शनमध्ये सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो, आणि हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी तसेच एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजार आहेत. साधन आधी साबणाच्या पाण्याने घासून स्वच्छ धुवावे, कारण वाळलेल्या तेलाखाली जंतू टिकून राहतात, आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंश सेल्सियस तापमानात, 15 पौंड दाबाखाली किमान 20 मिनिटे, आणि साधन पाकिटात असेल तर 30 मिनिटे ठेवावे. पाकिटात बंद करून ठेवल्यास प्रत्येक ग्राहकासमोर नवे पाकीट उघडता येते. लहान ऑटोक्लेव्ह पार्लरलाही परवडण्यासारखे असतात, आणि एका सत्रात कितीतरी साधने एकदम होतात.

तिसरी गोष्ट मर्यादेची. त्वचेला सुई किंवा लान्सेटने (टोचण्याच्या बारीक पात्याने) छेद देणे हे पार्लरचे काम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सहज निघणारे उघडे ब्लॅकहेड तुम्ही निर्जंतुक कड्याने काढलेत तर मला त्यात काही वावगे वाटत नाही. बंद दाणे, लाल मुरूम आणि पू असलेल्या पुटकुळ्या मात्र आमच्याकडे पाठवाव्यात. वापरलेल्या सुया आणि लान्सेट कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार त्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक आणि सुई आरपार जाणार नाही अशा डब्यातच जातात. घरोघरी कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताचाही विचार आपणच करायला हवा.

अंबड_लेथ

डॉक्टरसाहेब, माझा प्रश्न चेहऱ्याचा नाही. मी अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आणि मांड्यांच्या पुढच्या बाजूला काळे ठिपके आणि फोड येतात, आणि आमच्या खात्यातील आणखी काही जणांनाही तसेच होते. एकाने ते दाबून काढून घेतले, पण महिनाभरात पुन्हा आले. हे मुरूमच का?

त्वचावैद्य

दादा, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणाऱ्या कामगारांमध्ये ही लक्षणे दिसली की पहिला विचार कटिंग ऑइलचा, म्हणजे धातू कापताना वापरायच्या तेलाचा येतो. पाणी न मिसळलेले तेल कपड्यांत मुरते, त्वचेला घट्ट लागून राहते आणि केसांच्या छिद्रांची तोंडे बंद करते, त्यामुळे जिथे तेलाने भिजलेला कपडा घासतो तिथेच, म्हणजे मांड्या आणि हात, हे फोड येतात. पाण्यात मिसळून वापरायच्या कूलंटने बहुधा वेगळा त्रास होतो, म्हणजे खाज, चिरा आणि कोरडी त्वचा. तेलाचा संपर्क सुरू असेपर्यंत एक्स्ट्रॅक्शनचा काही उपयोग नाही, तुमच्या सहकाऱ्याचा अनुभव तेच सांगतो.

तेलकट चिंधी किंवा पुसायचा कॉटन वेस्टचा बोळा कधीही पँटच्या खिशात ठेवू नका, मांडीवरच्या फोडांचे ते एक मोठे कारण असते. तेल न झिरपणारा एप्रन मागून घ्या, कामाचे कपडे रोज बदला आणि घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. पाळी संपली की साबण आणि पाण्यानेच धुवा, रॉकेल किंवा थिनरने हात धुतल्यास त्वचेचा संरक्षक थर निघून जातो. एकाच खात्यातील अनेकांना त्रास होत असेल तर ही गोष्ट तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कानावर घाला आणि कारखान्याच्या डॉक्टरांकडे नोंद करवून घ्या. हा व्यवसायामुळे होणारा त्रास आहे आणि तो एकट्याने सोसण्याचे कारण नाही. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवून पाहा. ठिपके बरे करायला तिथेही प्रामुख्याने लावायचे औषधच मिळेल.

पंचवटी_आई

आणखी एक विचारते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला औषधाच्या दुकानातून गोरेपणासाठी एक मलम दिले होते. ते लावल्यावर तिचे मुरूम आठवडाभरात बसले, आणि बंद केल्यावर पूर्ण चेहरा लाल झाला. तिने आता एक्स्ट्रॅक्शन करून घ्यावे का?

त्वचावैद्य

अजिबात नाही, आणि हे मी कळकळीने सांगतो. ज्या मलमाने मुरूम झटपट बसतात आणि थांबवताच भडका उडतो, त्यात बहुधा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. अनेकदा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्याबरोबर ते एकाच नळीत मिसळलेले असते. अशा मलमांनी त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि स्टेरॉइडमुळे नवे, सगळे एकसारखे दिसणारे मुरूम उठतात. त्या पातळ त्वचेवर कड्याचा दाब दिला तर जखम होते. तिने ती नळी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण हे मलम कसे थांबवायचे हेसुद्धा ठरवून करावे लागते. मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तरीही एक्स्ट्रॅक्शनपूर्वी ते सांगणे आवश्यक आहे, त्या काळात त्वचा नाजूक असते. या गोळ्यांनी गर्भातील बाळात गंभीर व्यंग होऊ शकते, म्हणून तरुण स्त्रियांना त्या काटेकोर खबरदारी घेऊनच दिल्या जातात. कोणाच्या उरलेल्या गोळ्या घेण्याचा विचारही करू नये.

तुळस (गंगापूर रोड)

डॉक्टरांच्या लिहिण्यात एक भर घालते, कारण आमच्या टेबलावर रोज हा प्रश्न येतो. प्रत्येक पांढरा दाणा व्हाइटहेड नसतो. डोळ्यांखालचे टणक पांढरे दाणे बहुधा मिलिया असतात, त्यांना छेद दिल्याशिवाय कितीही दाबले तरी ते निघत नाहीत. मध्यभागी खळगी असलेला चकचकीत दाणा मोलस्कम असू शकतो, तो विषाणूमुळे होतो, आणि साधारण कड्याने फोडला तर शेजारी पसरतो. कपाळावर, पाठीवर आणि छातीवर एकाच आकाराचे, खाज सुटणारे बारीक फोड आले असतील तर ते मॅलॅसेझिया या बुरशीचे असू शकतात. त्यांना बुरशीविरोधी औषध लागते, एक्स्ट्रॅक्शन नव्हे. शंका आली तर मी साधन खाली ठेवते आणि डॉक्टरांना बोलावते.

खोल, दुखणाऱ्या गाठीला तर कोणीच हात लावू नये. डॉक्टर गरज पडल्यास तिच्यात सौम्य प्रमाणात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात आणि ती बसते. नाकाचा पूल ते ओठांचे कोपरे या त्रिकोणातील फोड पिळल्यास जंतुसंसर्ग तिथल्या शिरांमार्गे कवटीच्या आत पोहोचण्याचा धोका असतो. तो विरळ आहे, पण झाला तर जिवावर बेततो.

आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेविषयीही सांगायला हवे. दाह शमला तरी त्या जागी मेलॅनिन साठून तपकिरी डाग राहतो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. मूळ दाणा त्याच्या मानाने फार कमी काळ टिकला असता. म्हणून एक्स्ट्रॅक्शननंतर थंड पट्टी, त्या दिवशी मेकअप नाही, एक-दोन रात्री अडापॅलीन बंद, आणि रोज सकाळी किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन, हे आम्ही सगळ्यांना सांगतो. लिंबू, टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यावर लावू नका, त्यांनी त्वचा भाजते.

नाशिकरोड_पार्लर

डॉक्टर आणि तुळसताई, तुमचे म्हणणे पटले. मी ऑटोक्लेव्हची चौकशी सुरू केली आहे आणि लान्सेट आजपासून बंद करते. एक अडचण उरते. लाल मुरूम असलेली मुलगी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी येते आणि 'आजच काढून द्या' असा हट्ट धरते. तिला नाही म्हटले तर ती दुसरीकडे जाते.

तुळस (गंगापूर रोड)

ती दुसरीकडे गेली तरी तिला नाहीच म्हणा. मी अशा वेळी तिला आरशासमोर बसवते आणि सांगते की आज हा मुरूम मेकअपखाली झाकता येईल, पण मी तो पिळला तर उद्या तिथे ओली खपली असेल आणि त्यावर मेकअप बसणारच नाही. हे कारण मुलींना लगेच पटते. तिला थंड पट्टी द्या, हलका मेकअप कसा करायचा ते दाखवा आणि तारीख ठरली की दोन-तीन महिने आधी यायला सांगा. अशा मुली नंतर स्वतःहून परत येतात, हा माझा अनुभव आहे.

पंचवटी_आई

आज मुलीने हा धागा पूर्ण वाचला आणि थांबायला तयार झाली. लग्न मार्गशीर्षात आहे. एक्स्ट्रॅक्शन कधी करून घेतलेले बरे? आणि ती रोज दुचाकीवर तोंडाला स्कार्फ बांधून जाते, त्याने काही फरक पडतो का?

तुळस (गंगापूर रोड)

पहिली बैठक लग्नाच्या किमान चार आठवडे आधी ठेवा, आणि दुसरीची गरज पडलीच तर ती लग्नाआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत ठेवू नका. लालसरपणा साधारण एका दिवसात जातो, पण एखादा दाणा चिडलाच तर त्याला बसायला वेळ हवा. लग्नाच्या आठवड्यात कोणताही नवा फेशियल, पील किंवा क्रीम सुरू करू नका.

स्कार्फने फरक पडतो. घट्ट बांधलेल्या सिंथेटिक कापडाखाली घाम साठतो आणि हनुवटीवर सतत घर्षण होते, त्यामुळे तिथले दाणे वाढतात. सुती स्कार्फ थोडा सैल बांधावा, रोज धुतलेला वापरावा, आणि हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा व आतले अस्तरही अधूनमधून धुवावे. कपाळावर दाणे आहेत म्हणता, तर केसांना लावलेले तेल रात्रभर कपाळावर उतरत नाही ना, तेही पाहा. तेल लावायचेच असेल तर न्हाण्यापूर्वी तासभर लावून धुऊन टाकावे. तिची मासिक पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर जाड केस येत असतील तर तेवढे पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मग रक्ताच्या काही तपासण्या करून औषधाची दिशा बदलावी लागते.